१४ गुण आणि १३ गुण

मित्रहो, १९९२चा युरो करंडक डेन्मार्कनं जिंकला, हे फुटबॉलवेड्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. मला आज बोलायचं आहे ते त्याआधीच्या पात्रता फेरीबद्दल. गट चौथा: युगोस्लाव्हिया, डेन्मार्क, उत्तर आयर्लंड, ऑस्ट्रिया आणि फॅरो बेटं. तेव्हा मुख्य स्पर्धेत आठच संघ खेळत. यजमान स्वीडन धरला तर उरल्या सात जागा, आणि गटही सात. म्हणजे गटात पहिला येईल तोच जाणार. विजयाला दोन गुण.

सुरुवातच अशी झाली की ऐकणाऱ्याला खरी वाटू नये. फॅरो बेटांची वस्ती पन्नास हजारांच्याही आत. नियमात बसेल असं गवताचं मैदान तिथं नव्हतं, म्हणून त्यांचा ‘घरचा’ सामना स्वीडनमधल्या लान्सक्रोना गावी झाला. तारीख १२ सप्टेंबर १९९०. समोर ऑस्ट्रिया, त्याच उन्हाळ्यात इटलीत विश्वचषक खेळून आलेली. फॅरोचा गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुडसेन डोक्यावर गोंड्याची पांढरी लोकरी टोपी घालून उभा. उत्तरार्धात टोर्किल नील्सननं गोल मारला. हा गृहस्थ पोटापाण्यासाठी लाकूड विकायचा! निकाल १-०. ऑस्ट्रियाच्या प्रशिक्षकाला पद सोडावं लागलं.

पण माझा जीव अडकला आहे तो दोन महिन्यांनी कोपनहेगनला झालेल्या सामन्यात. युगोस्लाव्हियानं डेन्मार्कला त्यांच्याच घरी २-० हरवलं. गोल कुणाचे, तर एक मेहमेद बाझदारेविचचा, बोस्नियातला. दुसरा रॉबर्ट यार्नीचा, क्रोएशियातला. आणि या सबंध पात्रता फेरीत सर्वाधिक दहा गोल केले ते दार्को पान्चेवनं. तो मॅसिडोनियाचा, स्कोप्येत जन्मलेला. ही तीन नावं जरा सावकाश वाचा. बोस्निया, क्रोएशिया, मॅसिडोनिया हे सगळे तेव्हा युगोस्लाव्हिया या एकाच देशाचे भाग होते. त्या वेळी तो एक संघ होता, एकमेकांना चेंडू देत होता.

पुढं मे १९९१मध्ये डेन्मार्कनं बेलग्रेडला जाऊन २-१ अशी परतफेड केली. जूनमध्ये क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि तिथले खेळाडू संघातून गेले. उरलेल्यांनी नोव्हेंबरात व्हिएन्नाला शेवटचा सामना जिंकला. आठपैकी सात विजय, १४ गुण. डेन्मार्कचे १३. बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडशी झालेली १-१ बरोबरी, हाच तो एका गुणाचा फरक.

युगोस्लाव्हियाचे प्रशिक्षक इवित्सा ओसिम बोस्नियातल्या साराजेव्होचे. १९९२च्या वसंतात युद्धात त्यांच्या शहराला वेढा पडला, बायको आणि मुलगी आत अडकलेल्या. २३ मेला त्यांनी राजीनामा दिला. साराजेव्होसाठी आपल्याला एवढंच करता येतं, असं ते म्हणाले. आठवड्याभरात, ३० मेला, संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले. स्वीडनला पोचलेला संघ परत फिरला, आणि त्याची जागा डेन्मार्कला मिळाली. हे आयत्या वेळचं बोलावणं आलं तेव्हा डॅनिश खेळाडू समुद्रकिनाऱ्यावर लोळत होते, ही कथा बरीचशी फुगवलेली आहे. ३ जूनला त्यांचा एक मैत्रीपूर्ण सामना आधीच ठरला होता. १० जूनला स्पर्धा सुरू झाली. २६ जूनला गोथेनबर्गमध्ये अंतिम सामन्यात त्यांनी जर्मनीला २-० हरवलं. तो विजय त्यांच्या हक्काचाच आहे, मी त्यातलं तसूभरही कमी करत नाही.

तरी चौथ्या गटाचा तक्ता काढून पाहा. पहिल्या ओळीत आजही युगोस्लाव्हियाच आहे, पुढं १४ गुण.