जाणारा पैसा दिसला पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्याच्या अखेरीस मी हातात पेन्सिल घेऊन कार्डाचं स्टेटमेंट वाचायला बसले. एरवी मी तसं करत नाही. खालची एकूण रक्कम पाहायची, ‘बरोबर असेल’ म्हणायचं आणि भरून टाकायची, हा माझा शिरस्ता. त्या दिवशी मात्र ओळ न् ओळ वाचली. एका ठिकाणी पेन्सिल अडली. रक्कम किरकोळ होती, पण कशाची ते काही केल्या आठवेना. मागची स्टेटमेंट काढली, तर तिथेही तीच रक्कम आणि तीच तारीख. अकरा महिने! एका ॲपची महिनाभराची मोफत सेवा मी कधीतरी घेतली होती. घेताना कार्डाचा नंबर दिला होता आणि नंतर ते ॲप उघडलंसुद्धा नव्हतं.

हीच रक्कम मागायला कुणी दर महिन्याला दारात आलं असतं, तर दुसऱ्याच खेपेला मी विचारलं असतं, ‘‘हे पैसे कशाचे?’’ कार्डाने मला तो प्रश्न पडूच दिला नाही. रोजच्या खर्चाला रोख बरी की कार्ड, हा विषय आज मी बोलायला घेतला तो यामुळेच.

पैसे देताना मनात एक बारीकशी कळ येते. आपल्याकडे म्हणतातच, पैसे सोडणं जिवावर येतं. अर्थव्यवहाराचा आणि मनाचा एकत्र अभ्यास करणाऱ्यांनी या कळीची गंभीरपणे दखल घेतली आहे. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाईन या दोघांनी 1998 साली तिच्यावर विस्ताराने लिहिलं. वस्तू घेणं आणि पैसे देणं यांची मनातली गाठ जितकी सैल, तितकी ही कळ बोथट होते, असं त्यांचं म्हणणं. रोखीत ही गाठ अगदी घट्ट असते. नोटा मोजायच्या, समोरच्याच्या हातात द्यायच्या, पाकीट मिटताना आत किती उरलं ते दिसायचं. कार्डात एका हाताने वस्तू येते आणि पैसे जातात ते महिनाअखेरीला, इतर पन्नास खर्चांच्या गर्दीत.

याच प्रेलेक यांनी डंकन सिमेस्टर यांच्याबरोबर केलेला एक प्रयोग 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसमोर बास्केटबॉलच्या एका सामन्याची तिकिटं लिलावात ठेवली. सामन्याची सगळी तिकिटं आधीच विकली गेलेली, त्यामुळे मागणी होतीच. काहींना सांगितलं, जिंकलात तर पैसे रोख द्यायचे. बाकीच्यांना सांगितलं, कार्डाने द्यायचे. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. तिकीट तेच, विद्यार्थी एकाच वर्गातले. फरक होता तो पैसे कसे द्यायचे एवढाच.

रोखीतही एक गंमत आहे. मोठी नोट मोडायला आपला जीव होत नाही. एकदा मोडली की मात्र सुट्ट्या पैशांना पाय फुटतात. हा आपला अनुभव प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी 2009 मध्ये प्रयोगांनी दाखवून दिला. तेवढीच रक्कम एका मोठ्या नोटेत असेल तर माणूस ती खर्च करायला कचरतो, सुट्टी असेल तर सहज उडवतो.

म्हणजे कार्ड फेकून द्यायचं का? मी तसं म्हणणार नाही. रोज ‘रोख की कार्ड’ असा एकच मोठा कौल घेण्यात अर्थ नाही, खर्चागणिक उत्तर बदलतं. घरभाडं, विजेचं बिल, विम्याचा हप्ता, शाळेची फी हे खर्च ठरलेले आहेत. ते देताना कळ आली काय आणि न आली काय, रक्कम बदलत नाही. तिथे कार्ड किंवा बँकेतून थेट भरणं उत्तम, वर नोंदही राहते. मात्र ज्या खर्चाला आपल्या मनाशिवाय दुसरा धरबंध नाही, तिथे कळ यायलाच हवी. येता-जाता घेतलेल्या वस्तू, बाहेरचं खाणं, ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून उचललेलं काहीतरी. असल्या खर्चासाठी मी आठवड्याची रक्कम ठरवून सोमवारी काढते आणि वेगळ्या कप्प्यात ठेवते. गुरुवारपर्यंत कप्पा पातळ झाला की हात आपोआप आखडतो. कुठलाही तक्ता मांडावा लागत नाही, हिशेब बोटांना कळतो.

आता कार्डाची बाजू, आणि ती भक्कम आहे. नोटांचं पाकीट हरवलं की पैसे गेले. कार्ड हरवलं तर एका फोनवर ते बंद करता येतं. दुरून मागवलेली वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली, तर कार्डाच्या व्यवहाराविरुद्ध बँकेकडे रीतसर तक्रार करून पैसे परत मागता येतात. मोठ्या खरेदीला आणि अनोळखी विक्रेत्याशी व्यवहार करताना मी कार्डच वापरते ते यासाठी. इथे डेबिट आणि क्रेडिट यांतला फरकही ध्यानात घ्या. डेबिट कार्डावर लबाडी झाली तर आपल्या खात्यातले पैसे आधी जातात आणि मग भांडण सुरू होतं. क्रेडिट कार्डावर वाद चालू असतो तेव्हा पैसे बँकेचे अडकलेले असतात. हॉटेलात खोली घेताना किंवा गाडी भाड्याने घेताना अनामत म्हणून काही रक्कम कार्डावर रोखून धरतात. डेबिट कार्ड दिलं असेल तर तेवढे आपलेच पैसे काही दिवस आपल्याला वापरता येत नाहीत. प्रवासात हे फार जाचक होतं.

पण क्रेडिट कार्डाचा खरा धोका मला व्याजात दिसतो, आणि त्यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे. स्टेटमेंटवर ‘किमान देय रक्कम’ अशी एक ओळ असते. ती लहान असते आणि धीर देते. समजा, कार्डावर 1000 ची बाकी आहे, चलन तुम्ही कुठलंही धरा. व्याज महिन्याला 3 टक्के, आणि किमान भरायचं ते बाकीच्या 5 टक्के. नवी खरेदी एका पैचीही करायची नाही, किमान रक्कम मात्र दर महिन्याला न चुकता भरायची. वर्ष संपेल तेव्हा तुम्ही साधारण 550 भरलेले असतील आणि तरी डोक्यावर 770 शिल्लक असतील. कर्ज निम्म्यावर यायला जवळजवळ 32 महिने लागतील. कागद घेऊन एकदा स्वतः करून पाहा, हात थांबतो. शिवाय बाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आणि क्रेडिट कार्डाने यंत्रातून रोख काढली तर व्याज बहुधा त्याच दिवसापासून सुरू होतं, वर शुल्क वेगळं. तेव्हा पूर्ण रक्कम मुदतीत भरता येणार असेल तरच क्रेडिट कार्ड रोजच्या खर्चाला काढावं, असं माझं ठाम मत आहे.

हा मोह कार्डाच्या जन्मापासूनचा आहे. सप्टेंबर 1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे 60,000 कार्डं लोकांच्या घरी टपालाने पाठवली. कुणीही मागितलेली नव्हती. घरबसल्या हातात उधारी पडल्यावर ती फेडताना अनेकांची दमछाक झाली. थकबाकीदार बँकेच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाले आणि सुरुवातीला बँकेलाच मोठा फटका बसला.

विक्रेत्याचा विचार आपण सहसा करत नाही. कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे त्याला शुल्क द्यावं लागतं, ते आपल्याला दिसत नाही. त्यातला एका बँकेकडून दुसऱ्या बँकेला जाणारा वाटा युरोपीय संघाने 2015 मध्ये डेबिट कार्डासाठी 0.2 टक्के आणि क्रेडिट कार्डासाठी 0.3 टक्के असा बांधून दिला. सगळीकडे अशी मर्यादा नाही. थोड्या नफ्यावर किरकोळ विक्री करणाऱ्याला छोट्या रकमेसाठी रोख देणं हा मला साधा शेजारधर्म वाटतो.

आणि काही माणसांना कार्ड हाताशीच नसतं. ज्यांचं बँकेत खातं नाही, ज्यांची नजर आणि बोटं यंत्राच्या बटणांवर ठरत नाहीत, ज्या बाईच्या खात्यावर घरातल्या दुसऱ्याच माणसाची नजर असते, त्यांना नोट हाच आधार. नोट कुणाला नाव विचारत नाही. ‘इथे रोख घेतली जात नाही’ अशी पाटी दिसली की मला ही माणसं आठवतात आणि वाईट वाटतं.

सगळंच कार्डावर सोपवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. 1 जून 2018 रोजी युरोपात व्हिसा कार्डांचे सुमारे 52 लाख व्यवहार अडकले. कारण काय, तर एका डेटा सेंटरमधला एक स्विच अर्धवट बिघडला. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज भर दुपारी गेली आणि बऱ्याच भागांत रात्री उशिरापर्यंत आली नाही. कार्डांची यंत्रं बंद, पैसे काढायची यंत्रंही बंद. ज्याच्या खिशात रोख होती त्याला पाण्याची बाटली मिळाली.

स्वीडनचं उदाहरण तर फार बोलकं आहे. युरोपातली पहिली कागदी नोट 1661 मध्ये तिथे निघाली, आणि आज रोखीशिवाय चालणाऱ्या देशांत त्याचं नाव अगदी पुढे घेतलं जातं. त्याच देशाने मोठ्या बँकांनी रोखीची सेवा चालू ठेवली पाहिजे असा कायदा केला. 2024 मध्ये संकटकाळासाठी घरोघरी पाठवलेल्या पुस्तिकेत तिथल्या सरकारने नागरिकांना सांगितलं, की किमान आठवडाभर पुरेल एवढी रोख घरी ठेवा, आणि शक्यतो वेगवेगळ्या किमतींच्या नोटांमध्ये ठेवा.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा. वीज नाही, यंत्र बंद, आणि तुम्ही सगळ्यात मोठी नोट पुढे केलीत तर मोड कोण देणार? माझ्या कपाटात असा एक लिफाफा आहे. त्यात लहान नोटा जास्त, मोठ्या दोन-तीनच, आणि तळाशी थोडी चिल्लर. आत किती आहेत ते वर पेन्सिलीने लिहिलेलं असतं. गरजेला काढले की जुना आकडा खोडायचा, नवा लिहायचा आणि पुढच्या सोमवारी भर घालायची.

नमस्कार.