शांततेच्या हाताला धरून

नमस्कार, श्रोतेहो.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ‘समृद्धीला परत आणणारी शांतता’ अशा अर्थाचे एक तैलचित्र आहे. (तिथे जाणारे बहुतेक जण मोनालिसापुढची गर्दी पाहूनच परततात, ही माझी जुनी तक्रार.) एलिझाबेथ विजे ल ब्रं यांनी ते १७८० मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स इंग्लंडशी लढत असताना रंगवले. काळ्या केसांची शांतता सोनेरी केसांच्या समृद्धीला जवळ घेऊन पुढे आणते आहे आणि समृद्धीच्या शिंगाकृती पात्रातून फळे ओसंडत आहेत. युद्धदेव मार्सला मात्र चित्रात जागाच नाही. दोनच स्त्रिया, आणि युद्धदेव नाही, एवढे लक्षात ठेवा.

आता मला फार आवडणारी हकीकत सांगतो. १७८३ मध्ये बाईंना राजेशाही कला अकादमीत प्रवेश हवा होता. पण त्यांचे पती चित्रांचे व्यापारी होते आणि व्यापाराशी संबंध असलेल्यांना अकादमीत मज्जाव होता. अधिकारी नियमावर अडून बसले, तेव्हा राणी मारी आंत्वानेतने शब्द टाकला आणि सोळाव्या लुईच्या आज्ञेने दार उघडले. त्याच दिवशी, ३१ मे रोजी, आदेलाईद लाबीय-गियार या दुसऱ्या चित्रकर्तीलाही प्रवेश मिळाला, मात्र रीतसर मतदानाने. आणि त्याच वेळी स्त्री सदस्यांची मर्यादा चारवर बांधली गेली. चारच, श्रोतेहो! व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेल्या बाईंनी प्रवेशासाठी मुद्दाम हे रूपकचित्र पुढे ठेवले, कारण पुराणकथा, इतिहास आणि रूपक यांवरची चित्रे तेव्हा सर्वांत वरच्या पायरीची मानली जात आणि नग्न पुरुष मॉडेल समोर ठेवून शिकण्याची मुभा नसलेल्या स्त्रियांनी त्या पायरीवर चढू नये, असाच एकंदर रिवाज होता. अकादमीने त्यांना घेतले खरे, पण कोणत्या वर्गातील चित्रकार म्हणून घेतले, हे नोंदवलेच नाही. मला हा कोतेपणा वाटतो.

त्या ऑगस्टमध्ये लूव्रमध्येच भरलेल्या प्रदर्शनात हे चित्र लागले आणि ३ सप्टेंबरला ते अमेरिकेचे युद्ध संपवणाऱ्या तहावर सह्या झाल्या. चर्चा मात्र बाईंच्याच दुसऱ्या चित्राची झाली. त्यात राणीने साधा पांढरा मलमली झगा घातला होता. राणी अंतर्वस्त्रात बसली आहे, अशी ओरड झाल्यावर ते चित्र उतरवण्यात आले आणि त्याच्या जागी रेशमी पोशाखातली, हाती गुलाब घेतलेली राणी आली.