अर्धी जुडी सांभार

(काळा पडदा. प्लास्टिकच्या पिशवीची सळसळ. पाठोपाठ दोन बारीक, चढत जाणाऱ्या शिट्ट्या.)

ही कुकरची शिट्टी नाही. नागपूरच्या महाल भागातल्या या घरात भाजीची पिशवी ओट्यावर टेकली की हा आवाज होतो. फ्रीजचं दार उघडलं तरी होतो. शेजारच्या काकू एकदा विचारून गेल्या, पोपट पाळला का म्हणून.

(दृश्य : खिडकीखालचा पिंजरा. गजांवर पुढचे पाय टेकून उभ्या दोन गिनी पिग.)

तांबूस आहे ती तर्री. पिवळट पांढरी ती पोहा. नागपुरात याहून वेगळी नावं काय ठेवणार?

हा प्राणी ना गिनी देशातला, ना डुकराच्या जातीचा. उंदीर-खारीसारखा कुरतडणारा, मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं ते लाड करायला नव्हे, खायला. ही गोष्ट पिंजऱ्याजवळ मोठ्याने सांगायची नाही, अशी आठवीतल्या मालकीणबाईंनी आम्हाला शूटिंगच्या पहिल्याच दिवशी ताकीद दिली.

(दृश्य : पहाट. कॉटन मार्केट. पिवळे दिवे, पोती, चहाची वाफ.)

डिसेंबरचा महिना. हिवाळी अधिवेशन सुरू आहे, थोड्या वेळाने सीताबर्डीकडचे रस्ते अडतील. म्हणून मालकीणबाईंचे आजोबा कानटोपी घालून सहालाच निघतात. कागदोपत्री याचं नाव महात्मा फुले बाजार, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा. कळमेश्वर, सावनेरकडचा माल रात्रीच उतरलेला असतो. पालक, मेथी, मुळा, लाल गाजर, मटार, फुलकोबीचे डोंगर. उन्हाळ्यात जी पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते, ती या दिवसांत संध्याकाळपर्यंत ताठ असते.

आजोबा भाजीवालीला म्हणतात, "सांभाराच्या दोन जुड्या दे वं. एक माह्यासाठी, एक त्या उंदरायसाठी."

बाहेरगावच्या प्रेक्षकांसाठी : आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं ते वेगळं.

(दृश्य : आजोबांच्या हातातली ओली जुडी, पाणी निथळतंय.)

या उंदरांना रोज ताजी भाजी लागते, त्याचं कारण आजोबांच्या आणि त्यांच्या शरीरातली एक सारखीच उणीव. कुत्रा, मांजर, गाय, उंदीर हे सगळे 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही, आणि गिनी पिगलाही नाही. 1907 साली नॉर्वेत ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश या दोघांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, आणि खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही त्या जनावरांना झाला. ताजा पाला दिल्यावर टळला. त्यातून पुढे 'क' जीवनसत्त्वाचा माग काढता आला. आपण संत्र्याचे गोडवे गातो, त्याचा शास्त्रीय पुरावा हुडकण्यात या शिट्टीवाल्यांचा वाटा मोठा आहे.

संत्र्याचा विषय निघालाच. बाजाराबाहेर अंबिया बहराच्या संत्र्यांचे ठेले लागलेत, आणि पाहुणा आला की हमखास विचारतो, यांना संत्रा देता का? देतात. आठवड्यातून एक फोड, बिया काढून. त्यात साखर आणि आंबटपणा दोन्ही असतं, रोज दिलं तर तोंड येतं, पोट बिघडतं. आणि नागपूरकरांनी मनाला लावून घेऊ नये, पण 100 ग्रॅम संत्र्यात 'क' जीवनसत्त्व साधारण 50 मिलिग्रॅम, तर तेवढ्याच हिरव्या शिमला मिरचीत 80. लाल झालेल्या मिरचीत त्याहून जास्त.

(दृश्य : ओटा. विळी, ताटली, छोटा वजनकाटा.)

किलोभर वजनाच्या गिनी पिगला दिवसाला 10 ते 30 मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे शिमला मिरचीची एक जाड फोड, देठ काढलेली, आणि चिमूटभर सांभार. बस. दोघींची मिळून दोन वाट्या भाजी होते, आणि तिच्यात रोज थोडा फेरफार. गाजराच्या दोन चकत्या, तेही रोज नाही, कारण हलव्याचं हे लाल गाजर गोड असतं. मटाराच्या एक-दोन शेंगा. मेथीच्या चार काड्या. पालक आठवड्यातून एखादे वेळी, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे मूत्राशयात खडे व्हायची भीती. काकडी उन्हाळ्यातली पाहुणी, तिच्यात पाण्याशिवाय फारसं काही नाही. कांदा, लसूण, बटाटा, टमाट्याचा पाला या घरात पिंजऱ्याच्या आसपासही फिरकत नाही. हरभऱ्याचा हिरवा पालाही नाही. शेतावर गेलेल्यांना ठाऊक आहे, त्या पानांवर आंब सुटते. आपल्या जिभेला ती चटकदार लागते, पण ते आम्लच.

'क'चे थेंब मिळतात ना, असं कोणी म्हणेल. मिळतात. पाण्याच्या बाटलीत टाकले की उजेडात त्यांचा कस लवकर उतरतो, पाण्याची चव बदलते आणि तर्रीसारखी नखरेल असेल तर पाणीच सोडते. दुकानातल्या गोळीखाद्यातलं जीवनसत्त्वही महिन्यागणिक कमी होत जातं. मिरची कापणं सोपं.

(दृश्य : टेकडी गणेश मंदिराची पायरी. दूर्वांच्या जुड्या.)

आता खरं जेवण. भाजी ही लोणच्या-कोशिंबिरीच्या जागी. पोट भरायचं ते गवताने, दिवसभर आणि रात्रभर. दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजतात गवत चघळूनच. आतड्यांचं चाकही त्या धाग्यांवरच फिरतं. विकत मिळणारं टिमोथी गवत लांबून येतं आणि महाग पडतं. या घरात ते येतंच, पण जोडीला हरळी असते, म्हणजे दूर्वा. आजोबा मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जातात, पाच जुड्या वाहतात आणि दोन घरी आणतात. वाहनालाही वाटा मिळाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. भंडाऱ्याकडचं धानाचं तणीस अंथरायला चांगलं, खायला कमी कसाचं. लसूणघास, म्हणजे गुरांचा हिरवा चारा, मात्र मोठ्या झालेल्यांना नको, तिच्यात कॅल्शियम फार.

(दृश्य : रिकामी टोपली. आजोबा कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.)

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट सांगायला आजोबा तयार नव्हते. नातीने सांगितली.

बाजारात फुलकोबी सोलून उरलेला पाला फुकट पडलेला असतो. आजोबांनी एक दिवस टोपलीभर उचलून आणला. फुकट ते पौष्टिक, या हिशेबाने सगळा पिंजऱ्यात. पोह्याने रात्रभर खाल्ला. सकाळी ती कोपऱ्यात पाठ काढून बसलेली, पोट ढोलकीसारखं, लेंड्या नाहीत. शिट्टीही नाही. पिशवी वाजवून पाहिली, तरी नाही.

कोबीवर्गातल्या भाज्यांनी गॅस धरतो, आणि या प्राण्याला ओकता येत नाही. बारा तास तोंड लावलं नाही तर डॉक्टर गाठायचा, उद्यावर ढकलायचं नाही. आजोबांनी गाठला. औषध, सिरिंजने भरवणं, दोन रात्री जागरण. तिसऱ्या दिवशी पोह्याने दूर्वाची एक काडी ओढली, तेव्हा आजोबा देवघरात जाऊन आले. आता फुलकोबीचं एखादं पान, महिन्यातून कधी.

मला विचाराल तर नागपूरच्या हिवाळ्यात हाच खरा धोका. टंचाई नाही, लयलूट. बाजारात सगळं स्वस्त, सगळं कोवळं, आणि समोर शिट्टी वाजवणारा जीव.

(दृश्य : कापसाच्या पंचावर पसरलेली भाजी. खिडकीत कापड लावलेला कूलर.)

भाजीवाले जुड्यांवर पाणी मारत राहतात, पहाटेचं दहिवरही असतं. म्हणून घरी आल्यावर जुडी सोडायची, वाहत्या पाण्यात धुवायची, पंचावर पसरून कोरडी करायची. ओली दाबून ठेवली की आतून गरम होते, पिवळी पडते. फ्रीजमधली भाजी अर्धा तास बाहेर ठेवून मगच द्यायची. खाऊन उरलेली दोन-तीन तासांत काढून टाकायची.

थंडीचं म्हणाल तर 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. एरवी पहाट 10-12 अंशांची, दुपार ऊबदार. गिनी पिगना 18 ते 24 अंश मानवतात, तेव्हा इथला मे महिना त्यांना जास्त जड जातो. थंडीत वारा लागू द्यायचा नाही एवढं पाळायचं. आपल्याकडे खिडकीत बसवलेल्या कूलरच्या फटीतून रात्री बर्फासारखा झोत येतो, आणि पिंजरा नेमका खिडकीखालीच असतो. इथे जुनी चादर कोंबली आहे. गवत मात्र रात्रीसाठी दुप्पट. ते चघळण्यातूनच त्यांना ऊब मिळते.

(दृश्य : रविवार. वजनकाट्यावर स्टीलचा डबा, डब्यात तर्री.)

दर रविवारी वजन. 940 ग्रॅम. वहीत नोंद. पन्नासेक ग्रॅमने उतरलं की घरात चौकशी समिती बसते : दात, लेंड्या, मागचे पाय जड टाकतेय का, सांधे सुजलेत का. स्कर्व्हीची सुरुवात चालीतून दिसते.

(दृश्य : स्वयंपाकघर. कढई तापतेय. पिशवीची सळसळ, शिट्ट्या.)

आज सांभारवडीचा बेत आहे. आजोबांनी निवडून ठेवलेल्या सांभारातला निम्मा ताटलीतून गेलाय. नात पिंजऱ्यापाशी पाठमोरी बसली आहे.

"काहून गं, माहा सांभार कुठं गेला?"

उत्तर येत नाही. फक्त चावण्याचा आवाज, बारीक, भरभर.

आजोबा चपला घालतात.