मोजल्याशिवाय बोलू नका

विषय जाहीर झालाय ‘चूल आणि मेंदू’. चुलीकडे येतोच, पण आधी एक आकडा. माणसाच्या मेंदूत 100 अब्ज चेतापेशी असतात, हे इथे बसलेल्या प्रत्येकाने कुठे ना कुठे वाचलंय. मीही वाचलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. मोजलं कोणी होतं? मला याचाच राग येतो. पुस्तकं एकमेकांचा हवाला देत राहिली, पण मूळ मोजणी कुठे सापडेना.

हाच प्रश्न ब्राझीलच्या मेंदूशास्त्रज्ञ सुझाना हर्कुलानो-हौझेल यांना पडला. रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात सहकारी रोबेर्तो लेंत यांच्याबरोबर त्यांनी 2005 साली पद्धत मांडली, ती ऐकाच. मेंदूत पेशी सगळीकडे सारख्या दाटीने नसतात, म्हणून एका तुकड्यावरून अंदाज फसतो. मग ती दाटीच मोडायची! फॉर्मॅल्डिहाइडमध्ये मुरवलेला मेंदू डिटर्जंट घालून काचेच्या नळीत घोटायचा. पेशींची आवरणं विरघळतात, केंद्रकं शाबूत राहतात. उरतं ते मेंदूचं सार. नाक मुरडू नका, पुढे ऐका. नळी हलवली की केंद्रकं सारखी पसरतात. रंग दिला की ती सूक्ष्मदर्शकाखाली निळी चमकतात. एका थेंबातली मोजा आणि गुणाकार करा. चेतापेशींची केंद्रकं कोणती, ते वेगळ्या प्रतिपिंडाने, म्हणजे फक्त त्यांनाच चिकटणाऱ्या प्रथिनाने, कळतं.

2009 साली चार पुरुषांच्या मेंदूंवरून उत्तर आलं: सरासरी 86 अब्ज. तुम्ही म्हणाल, 14 अब्जांनी काय बिघडलं? अहो, 14 अब्ज म्हणजे बबून माकडाचा अख्खा मेंदू भरून वर उरतील इतक्या पेशी!

याच पद्धतीने उंदीर, माकडं, पक्षी, सगळ्यांची मोजदाद झाली. 2014 मध्ये आफ्रिकन हत्तीची पाळी आली. त्याचा मेंदू आपल्या तिप्पट आणि चेतापेशीही तिप्पट, 257 अब्ज. पण त्यातल्या 98 टक्के अनुमस्तिष्कात, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूत. बहुधा सोंडेची ती कसरत सांभाळायला. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे विचार करणाऱ्या बाहेरच्या थरात, जेमतेम 5.6 अब्ज, आपल्याकडे 16. म्हणून मी सांगत असतो, मेंदूचं वजन विचारू नका, पेशी किती आणि कुठे आहेत ते विचारा. कावळे-पोपटांच्या एवढ्याशा डोक्यात त्या किती दाटीने बसल्यात, हे 2016 साली दिसलं. त्यावर तासभर बोलता येईल.

पण चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. तर चूल. एक अब्ज चेतापेशींना दिवसाला साधारण 6 किलोकॅलरी लागतात. 86 अब्जांचे झाले पाचशेच्या वर. गोरिला दिवसाचे आठ-आठ तास चरतो, तरी त्याला मोठं शरीर आणि मोठा मेंदू दोन्ही परवडत नाहीत. कच्चं खाऊन आपला मेंदू पोसायचा तर रोज नऊ तासांहून जास्त खात बसावं लागलं असतं, असा 2012 चा हिशेब आहे. अन्न शिजवलं की तेच कमी वेळात जास्त ऊर्जा देतं. म्हणजे एवढा मेंदू परवडला तो चुलीमुळे. मेंदू वाढला त्या काळातल्या चुलींचे पुरावे विरळ आहेत, हा आक्षेप रास्तच आहे. मला तरी हा हिशेब पटतो. कच्चं मांस कुटून खाल्लं तर काय, असं कोणाच्या मनात असेल तर प्रश्नांची सुरुवात तिथूनच करू.