एकाच तोंडात उरलेली भाषा

श्रोतेहो, नमस्कार. मरू घातलेल्या भाषेवर काम करायला निघालेल्या विद्यार्थ्यांना ही हकिगत ठाऊक हवीच.

एड्रियाटिक समुद्रात क्र्क नावाचं बेट आहे, आज ते क्रोएशियात येतं. तिथल्या डाल्मेशियन या लॅटिनपासून निघालेल्या भाषेचा शेवटचा बोलणारा तुओने उदाइना. 1897 साली माटेओ बार्टोली हा तरुण भाषा-अभ्यासक वही घेऊन त्याच्यासमोर बसला. म्हातारा सत्तरीपार. ऐकू कमी येतं, तोंडात दात नाहीत. ही भाषा त्याला कुणी शिकवली नव्हती. घरातली मोठी माणसं आपसांत बोलायची, ते ऐकून त्यानं उचललेली. वीसेक वर्षं ती बोलायला समोर माणूसच नव्हतं, सगळा व्यवहार व्हेनेशियन, म्हणजे व्हेनिसकडच्या, बोलीत.

तरीही बार्टोलीनं सुमारे 2,800 शब्द आणि म्हाताऱ्याच्या आयुष्यातले प्रसंग उतरवून घेतले. पुढच्याच वर्षी, 10 जून 1898 ला, रस्त्याच्या कामावर स्फोट झाला आणि उदाइना गेला. ध्वनिमुद्रण नाही. 1906 मध्ये पुस्तक निघालं ते जर्मनमध्ये. मूळ इटालियन हस्तलिखितं हरवली, असं सांगतात.

दात नव्हते, हे मुद्दाम पुन्हा सांगतो. त, थ, द म्हणून बघा, जीभ कुठं टेकते? मग म्हाताऱ्याचा एखादा उच्चार भाषेचा की बोळक्या तोंडाचा, हे ठरवायचं कसं? ताडून बघायला दुसरं तोंड नव्हतं.

आपल्याकडे बुलढाण्यात, जळगाव जामोद भागात, निहाली आहे. दोन-अडीच हजार लोकांची भाषा, नातं कुठल्याच भाषाकुळाशी सिद्ध झालेलं नाही. जनगणनेच्या तक्त्यात मात्र सापडणार नाही, कारण दहा हजारांखालच्या भाषा ‘इतर’मध्ये ढकलतात. माझ्या मते ही शुद्ध कारकुनी सोय आहे. असो.

निहाली बोलणाऱ्यांना शेजारच्या कोरकू आदिवासींची कोरकू भाषाही येते. हिंदीतून शब्द विचारलात तर कोरकू शब्द हातात पडू शकतो. म्हणून वस्तू दाखवून विचारा, प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्या आणि तोच शब्द निदान तिघा-चौघांकडून, बायका आणि पुरुष दोघांकडून. आपला हात पुढे करून ‘हात’ विचारलं तर ‘तुझा हात’ किंवा ‘बोटं’ असंही उत्तर येतं. वाक्यात घालून तपासल्याशिवाय वहीत पक्कं करू नका.

मुद्रण डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) फाइलमध्ये, 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट. माइक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला, म्हणजे ‘फ’ची फुंकर थेट आदळत नाही. पंखा बंद. मोबाइल अॅपवरून पाठवलेला आवाज दाबला जातो, स-श मधला बारीक फरक पुसट होतो. सुरुवातीलाच तारीख, गाव, बोलणाऱ्याचं वय आणि त्याची संमती बोलून घ्या. दात किती, हेही लिहा, हसू नका! त्याच रात्री तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. एका मिनिटाचं बोलणं उतरवायला सुरुवातीला तासभर सहज जातो, तेव्हा दिवसाला उतरवून होईल त्याहून जास्त मुद्रण करू नका. साठलेलं मग उतरवून होत नाही, आणि अडलेला शब्द ज्याला विचारायचा तो माणूस तोवर भेटेलच असं नाही.