कवेलूचं घर, स्लॅबचं घर आणि घरातला विस्तव

नमस्कार श्रोतेहो. थंडी चांगलीच पडली आहे. पहाटे आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटते, रात्री दारापुढे शेकोटी. अशा दिवसांत बायका मला हमखास विचारतात, ताई, घरात काय ठेवावं? चूल, गॅस, की विजेची शेगडी? मी त्यांना उलट विचारते, तुमच्या घरावर कवेलू आहेत की स्लॅब?

असं का विचारते, ते सांगते.

माझ्या मोठ्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं. डिसेंबरचे दिवस. मी तेव्हा १२ वर्षांची. आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. त्याच वर्षी कापसाच्या पैशातून बाबांनी मागच्या बाजूला स्लॅबची एक खोली बांधली होती. घट्ट बसणारं दार, लोखंडी खिडकी. एवढी उबदार खोली असताना बाळंतीण आणखी कुठे ठेवायची?

आजीनं रीतीप्रमाणे बाजेखाली इस्तोचं घमेलं ठेवलं. बाभळीचे लाल निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा. खिडकीच्या फटीत तिनं पोतं कोंबलं, गार वारा लागू नये म्हणून. आजीच्या हाताखाली घरातली किती तरी बाळंतपणं झाली होती. प्रत्येक बाजेखाली हेच घमेलं होतं आणि कधी कुणाला काही झालं नव्हतं.

निजायच्या वेळी ताई म्हणाली, डोकं जड झालं, मळमळतं. आजी म्हणाली, बाळंतपणाचा शीण आहे, झोप. आजी जुन्या घरात गेली. मी ताईजवळ खाली सतरंजीवर झोपले. मध्यरात्री मला तहान लागली, एवढं आठवतं. तांब्या हाताच्या अंतरावर होता आणि माझा हात उचलला जात नव्हता. घाबरायचंही सुचलं नाही, झोप फार गोड लागत होती.

पहाटे माय पाणी तापवायला उठली. बाळ दुधासाठी रात्रभर रडलं कसं नाही, हे तिच्या मनात आलं आणि तिनं दार ढकललं. खोलीत धूर नव्हता. कसला वासही नव्हता. तिनं हाक मारली, कुणी ओ देईना. तिनं बाळ उचललं ते थेट अंगणात, उघड्यावर, दहिवरात. मागून आजी धावत आली, "बाळाले हवा लागन व!"

माय म्हणाली, "लागू द्या."

श्रोतेहो, ते बाळ थंडीनं रडलं. त्या रडण्यानं सगळी आळी जागी झाली. ताईला आणि मला दोघांनी धरून बाहेर ओढलं, मग जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. तिथे ताईला ऑक्सिजन लावला. आजी दवाखान्याच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होती, "इस्तो तोच, घमेलं तेच, मंग असं काहून झालं?"

इस्तो तोच होता. घर बदललं होतं.

कवेलूच्या फटीफटीतून हवा जाते-येते. स्लॅबच्या बंद खोलीत ती वाटच नाही. निखाऱ्यांना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पुन्हा सांगते, त्याला रंग नाही आणि वास नाही. धूर दिसत नाही म्हणून खोली सुरक्षित नसते.

घरी आल्यावर आजीनं मिस्त्री बोलावला आणि छताखाली समोरासमोर दोन विटा काढायला लावल्या. आजकाल लाखो रुपये घालून घरं बांधतात, समोर टाइल्स लावतात आणि सैपाकाच्या खोलीला धुराडं सोडाच, झरोकाही ठेवत नाहीत. मला याचा फार राग येतो. नकाशा काढताना त्या खोलीत राबणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही.

तर, स्लॅबच्या घरात लाकडाची चूल नको. चूल परसात, छपरीखाली. साध्या चुलीत १०० भाग उष्णतेतले १०-१५ भागच भांड्याला मिळतात, बाकी वाऱ्यावर. पाणी तापवायला ती ठीक. त्यात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जाळत असाल तर लवकर संपवा. उन्हाळाभर घरामागे ढीग रचून ठेवला की गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते आणि पुढच्या कापसावर येते. २०१७ साली तिनं आपल्या कापसाचं काय केलं, ते विसरू नका.

गॅस. १ मे २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि टाकी गावोगाव पोचली. पण पुष्कळ घरांत ती पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असते, कारण १४.२ किलोचे पैसे एकदम निघत नाहीत. ५ किलोची टाकीही मिळते, वितरकाकडे विचारा. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर विजेचं बटण दाबू नका, बंदही करू नका. टाकीचा रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर जा आणि १९०६ला फोन करा. न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवला असेल तर तो आधी बाहेर काढा. तिथेही तोच बिनवासाचा वायू.

विजेची इंडक्शन शेगडी बाळंतिणीच्या घरात सगळ्यात चांगली. जाळ नाही, वायू नाही. एका भरल्या टाकीचं काम साधारण १२५ युनिटांत होतं, आपल्या बिलाशी ताडून बघा. जर्मनचा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं, तिच्यावर तापत नाही, बूड सपाट आणि चुंबक चिकटेल असं भांडं लागतं. लाइन गेली की सैपाक अडतो, म्हणून ती जोडीला ठेवावी, एकटीच नको. आणि बादलीत रॉड टाकत असाल तर पाण्यात बोट घालायच्या आधी बटण बंद करून पिन काढा. आधी पिन, मग बोट.

माझ्या घरी सैपाक गॅसवर होतो, पाणी परसातल्या चुलीवर, आणि इंडक्शन दुधा-चहाला. ताईचा तो मुलगा आता तिशीत आहे. मागच्या वर्षी त्यानं स्वतःचं घर बांधलं. पाया खोदायच्या आधी आपल्या आजीला, म्हणजे माझ्या मायला, विचारायला आला, की झरोके कुठे ठेवू?

आज रात्री तुमच्या खोलीत निखाऱ्याचं घमेलं असेल, तर निजण्याआधी ते उचलून बाहेर ठेवा. बाळ असेल तर दोन गोधड्या जास्त घाला, पण घमेलं बाहेर. नमस्कार.