ट्रामची तार आणि कुलाब्याची सुई

[कुलाब्याचा किनारा, वेधशाळेची जुनी इमारत]

हे कुलाबा, मुंबईचं दक्षिण टोक. इथल्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायचे. धाग्याला टांगलेलं चुंबक किती वळलं ते बघायचं आणि वहीत लिहायचं, वर्षानुवर्षं. साठ वर्षं हे काम चाललं आणि मग विसावं शतक उजाडताना ठरलं की मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम आता विजेवर चालणार.

तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस, या जागेवर बसलेले पहिले भारतीय. त्यांच्यापुढे आलेला प्रश्न आणि बारावीच्या पेपरात तुम्हाला येतो तो प्रश्न एकच आहे: तारेतून इतका करंट जातोय, तर अमुक अंतरावर फील्ड, म्हणजे चुंबकीय क्षेत्र, किती? फक्त त्यांचं उत्तर चुकलं असतं तर मार्क जाणार नव्हते, साठ वर्षांची नोंद जाणार होती.

[कोरा कागद, पेन्सिल]

चला, आपणच सोडवू. आकडे मी सोयीचे धरतोय, ट्रामच्या तारेत 100 अँपिअर आणि वेधशाळा 500 मीटरवर. बरीच मुलं इथे लगेच फॉर्म्युला लिहितात, म्यू नॉट आय बाय टू पाय आर (आय म्हणजे करंट, आर म्हणजे तारेपासूनचं अंतर, म्यू नॉट हा ठरलेला स्थिरांक), किंमती टाकतात, मोकळी होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी चित्र काढा. रस्ता उत्तर-दक्षिण, करंट उत्तरेकडे चाललाय, वेधशाळा पश्चिमेला. आता उजव्या हाताचा अंगठा उत्तरेकडे करा आणि बोटं वळवा, पश्चिमेच्या बाजूला बोटं वर जातायत, म्हणजे वेधशाळेत या तारेचं फील्ड सरळ वर, आकाशाकडे. आता किंमत काढू. म्यू नॉट बाय टू पाय म्हणजे 2 गुणिले 10 चा उणे 7 वा घात, त्याला 100 ने गुणा, 500 ने भागा. उत्तर येतं 40 नॅनोटेस्ला. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, नॅनोटेस्ला त्याचा अब्जावा भाग.

40 हे फार की थोडं? आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक, म्हणजे जमिनीला समांतर भाग, साधारण 38 हजार नॅनोटेस्ला आहे, त्यापुढे 40 म्हणजे किरकोळ वाटतं. पण वेधशाळा जे शोधत असते, सूर्यामुळे सकाळ ते संध्याकाळ होणारा बदल, तो स्वतःच काही दहा नॅनोटेस्लांचा असतो. म्हणजे ट्राम सुटली, थांबली, परत सुटली की सुई हलणार आणि वहीत सूर्य कुठला आणि ट्राम कुठली हे कळायला मार्ग नाही.

थांबा, गणित अजून संपलेलं नाही, कारण करंट नुसता जात नाही, तो परत पण येतो.

[ट्रामचं साधं रेखाचित्र: वर तार, खाली रूळ]

वरच्या तारेतून गेलेला करंट रुळांतून परतीच्या वाटेला लागतो. तार रुळांच्या वर समजा 6 मीटर. आता दोन तारा झाल्या, करंट सारखा, दिशा उलट. इथे जी चूक होते ती मी वर्गात इतक्यांदा बघितलीय की तिच्यासाठीच हा व्हिडिओ केला म्हटलं तरी चालेल. मुलं काय करतात, वेधशाळेपासून रूळ 500 मीटर, तार तिरक्यात 500.036 मीटर, दोन्हीची फील्ड वेगवेगळी काढतात आणि वजा करतात. उत्तर येतं 0.003 नॅनोटेस्ला. म्हणजे काहीच नाही, ट्राम बिनधास्त चालू द्या!

हे चूक आहे. फील्ड हा व्हेक्टर आहे, म्हणजे त्याला किंमतीबरोबर दिशा पण असते, दोन आकडे वजा करायचे नसतात, दोन बाण मिळवायचे असतात. रुळाचं फील्ड सरळ खाली आहे पण तारेचं अगदी सरळ वर नाही, तार 6 मीटर उंच असल्यामुळे तो बाण जरासा, म्हणजे 500 ला 6 इतका, पश्चिमेकडे कललेला आहे. उभे भाग एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात पण तो कललेला भाग खायला समोर कुणीच नाही. 40 गुणिले 6 भागिले 500, म्हणजे 0.48 नॅनोटेस्ला, आडवं, पश्चिमेकडे. चुकीच्या उत्तराच्या दीडशे पटीहून जास्त! चित्र न काढता हे दिसतच नाही, मी सांगतो, कितीही हुशार असा.

बरं, 0.48 तर चालण्यासारखं आहे, मग एवढी चिंता कशाला? कारण रूळ जमिनीवर टेकलेले असतात. त्यातला काही करंट मातीत गळतो आणि भलत्याच वाटेने, खूप पसरून परत जातो. समजा 100 पैकी 20 अँपिअर गळाले, तर तारेतले तेवढे 20 अँपिअर जोडीदाराशिवाय उरले आणि त्यांचं एकट्यांचं फील्ड 500 मीटरवर 8 नॅनोटेस्लापर्यंत जातं. जोडी असली की फील्ड अंतराच्या वर्गाने पडतं, एकट्या तारेचं नुसतं अंतराने, आणि हा फरक ज्याला मनापासून कळला त्याला या धड्यातलं अर्धं काम जमलं.

[समुद्र, पलीकडे अलिबागचा किनारा]

आता हेच 20 अँपिअर 30 किलोमीटरवरून बघा, 0.13 नॅनोटेस्ला. खरं तर त्याहून पण कमी, कारण आपला फॉर्म्युला अनंत लांब तारेचा आहे आणि ट्रामचा रस्ता काही किलोमीटरचाच, तेवढ्या लांबून तो तुकडाच दिसणार. वेधशाळा अलिबागला गेली ती म्हणूनच. 1904 मध्ये तिथे काम सुरू झालं, बांधकामात लोखंड टाळलं, पोरबंदरचा दगड, तांबं, पितळ असं सगळं बिनचुंबकी सामान. मुंबईत विजेची ट्राम धावली 1907 मध्ये. म्हणजे ट्राम यायच्या आधीच सुया खाडीपलीकडे पोचल्या होत्या.

[जुन्या नोंदींचा आलेख]

एवढं जपायचं काय होतं, तर हे बघा. 2 सप्टेंबर 1859, कुलाब्याच्या वहीत पृथ्वीचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळला. इतक्या मोठ्या चुंबकीय वादळाची, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीचं क्षेत्र असं एकदम ढवळून निघण्याची, विषुववृत्ताजवळच्या भागातली अशी नोंद दुसरीकडे नाही, आजही जगभरचे शास्त्रज्ञ कुलाब्याचाच आलेख उघडतात.

आणि गंमत म्हणजे हे पण करंटचंच गणित आहे! वादळात पृथ्वीभोवती, काही पृथ्वी-त्रिज्या लांब, विद्युतभारित कणांचं एक मोठं कडं तयार होतं आणि त्यातला करंट पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. बोटं त्या दिशेने वळवा, अंगठा दक्षिणेकडे जातो, पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे, म्हणून सुईला क्षेत्र कमी झालेलं दिसतं. 1859 इतकं राक्षसी नको, साधं 100 नॅनोटेस्लाचं वादळ घ्या. कडं 4 त्रिज्या लांब धरा, म्हणजे साधारण 2 कोटी 55 लाख मीटर. वर्तुळाच्या केंद्राचा फॉर्म्युला, म्यू नॉट आय बाय टू आर, तो उलटा फिरवा. करंट येतो सुमारे 40 लाख अँपिअर. अलिबागच्या खोलीत बसून, सुई किती हलली एवढ्यावरून, अवकाशातला करंट!

[अलिबाग वेधशाळेचं आवार]

मूस यांनी अजून एक काम केलं आणि मला ते सगळ्यात आवडतं. त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. 1904 ते 1906, जवळजवळ दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच मोजमाप चालू ठेवलं, दोन जागांतला फरक नीट काढला आणि मगच कुलाब्याच्या सुया थांबवल्या. त्यामुळे 1859 चा तो आकडा आणि आज सकाळी अलिबागला नोंदलेला आकडा एकाच मालिकेतले धरता येतात.